परकें तें काय?

पुरुषाचें पुरुषावर प्रेम हें पश्चिमेचें खूळ होय, असें आमचे कांहीं सुविद्य मित्र अजून म्हणतात. त्यांनीं रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट पाहावा. बापाचे दहा दिवस पाळण्यास आनंद मुंबईहून गांवीं येतो आणि तेथें त्याला बालमित्र बाळ्या पुन्हा भेटतो. सुतक, शेती, लग्नाचा तगादा. यांत परकें तें काय? २०२५ सालीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवानें त्यास गौरविलें, म्हणून तो आपला ठरत नाहीं. तो आधींच आपला होता. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी तर मराठींत २००६ सालींच निघाली.

सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं या प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरांतला शिक्का पुसणें न्यायालयाच्या हातीं नाहीं. माजलगांवच्या एखाद्या सोळा वर्षांच्या मुलास मित्राविषयींची ओढ सांगावयाची झाली, तर मायबोलींत शिवीखेरीज शब्द सांपडत नाहीं. तो शब्द साहित्यानें आणि कलेनें द्यावयाचा नाहीं, तर कोणीं? चित्रपटांतील आई मुलाला ओळखून आहे, आणि तरीही त्याचीच आहे. आम्हां सुशिक्षितांस तेवढेंही साधूं नये, ही लाज मात्र पश्चिमेची नव्हे. ती आमची आहे.