सही तुमचीच आहे ना?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. कर्ज घेतलेलं असेल तर शेवटपर्यंत वाचा. घेतलेलं नसेल तर घरातल्या कुणीतरी घेतलेलंच असेल, त्यांना वाचून दाखवा.

आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत. विडी कामगार. मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर होते. २०१९ ला घराचं छत गळायला लागलं म्हणून एका वित्त कंपनीकडून तीन लाखांचं कर्ज काढलं. हातात पडताना त्यातले ११,८०० रुपये कमी पडले. दहा हजार विम्याचा हप्ता आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. माणूस म्हणाला, "मालकाला काही झालं तर कर्ज माफ, अक्का. टेन्शनच नाही." कट झालेल्या त्या पैशांवर पुढची चार वर्षं व्याजही भरलं, कारण तो हप्ताही कर्जातच धरलेला.

नोव्हेंबर २०२० मध्ये मालक गेले. हार्ट अ‍ॅटॅक. अक्का मृत्यूचा दाखला घेऊन ऑफिसला गेल्या. काउंटरवरच उत्तर मिळालं, हा विमा फक्त अपघाताचा आहे. कागद नाही, पत्र नाही, तोंडी. मग त्या माझ्याकडे आल्या. पेपरवाला भाऊ काहीतरी करेल म्हणून.

आणि मी काय म्हणालो? "अक्का, सही तुमचीच आहे ना? मग काय करणार."

हे वाक्य मला आज टोचतंय. कारण हेच वाक्य काउंटरवरचा माणूसही बोलतो, आणि त्याला त्याचा पगार मिळतो. मी फुकट बोललो. ज्या पेपरात तेव्हा होतो तिथे अशाच कंपन्यांच्या पानभर जाहिराती यायच्या, तेही सांगून टाकतो. कुणी मला बातमी लावू नको म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही.

अक्कांनी विड्या वळून २०२३ पर्यंत सगळं कर्ज फेडलं. परवा लाडकी बहीणच्या केवायसीसाठी पेटी उपसताना ती फाईल निघाली. विम्याचं प्रमाणपत्र सगळं इंग्रजीत. मी वाचलं. खरंच फक्त अपघात. म्हणजे काउंटरवाला खोटं बोलला नव्हता. खोटं बोलला तो २०१९ चा माणूस, विकताना. ही दोन भांडणं वेगळी आहेत आणि आपण ती कायम एकात घालतो. विम्याचा दावा नाकारला हे एक. जे सांगितलं ते विकलंच नाही हे दुसरं. अक्कांचं भांडण दुसरं आहे.

आता म्हणाल, पाच वर्षं झाली, जुनं मढं उकरून काय मिळणार? तर ऐका.

इंग्लंडमध्ये हेच झालं. कर्जाबरोबर हप्ता संरक्षण विमा गळ्यात मारला गेला, कोट्यवधी लोकांच्या. बेरोजगाराला नोकरी गेल्यावरचा विमा विकला, इतकं. तिथेही बँका आधी म्हणाल्या, सही तुमचीच आहे. २०११ पासून त्याच बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त भरपाई द्यावी लागली. २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली आणि ती लोकांना कळावी म्हणून सरकारी नियामकाने चक्क अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या डोक्याचा पुतळा टीव्हीवर फिरवला. आपल्याकडे नियामक काय फिरवतो? एसएमएस.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुसान प्लेविन नावाच्या विधवा बाईंनी २००६ मध्ये कर्ज घेतलं होतं. २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात उघड झालं की त्यांच्या विम्याच्या हप्त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त पैसे कमिशनमध्ये गेले होते आणि त्यांना ते सांगितलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं, हे नातं अन्यायाचं आहे. त्यानंतर ज्यांच्या तक्रारी आधी फेटाळल्या होत्या त्यांनाही कमिशनच्या मुद्द्यावर पुन्हा दार उघडलं. फेटाळलेली तक्रार मेलेली नसते, हे तिथल्या नियामकाने मान्य केलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही हां. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ लाच सांगितलंय की विम्यासारखी गोष्ट कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायची आणि तिचे पैसे कर्ज कार्डावर लिहायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना एक तक्ता द्यावा लागतो, त्यात विम्याचा खर्चही वार्षिक दरात धरावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत बँकवाल्यांसमोर म्हणाल्या की चुकीचा विमा विकल्याने कर्ज आडवाटेने महाग होतं. चांगलं आहे. पण हे सगळं पुढच्या कर्जांचं झालं. २०१९ च्या अक्कांचं काय? चोरी बंद करा म्हणायचं आणि चोरलेल्या मालाचा विषयच काढायचा नाही, हा कुठला न्याय?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांनी विकलं त्यांनीच जुन्या फायली काढून तपासाव्यात. कुणाला कोणता विमा दिला, हप्ता किती, कमिशन किती, दावा आला तेव्हा लेखी उत्तर दिलं का, हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. हप्ता एक दिवस चुकला तर दारात माणूस उभा करता येतो, मग पत्र का पाठवता येत नाही?

एक बाजू मात्र मान्य करतो. कर्जाला विमा असणं वाईट नाही. कोविडात काही घरं त्यानेच वाचली, मी स्वतः पाहिलीत. म्हणून तर राग जास्त येतो. योग्य विमा विकला असता तर अक्कांचं छत आणि अक्का, दोन्ही सुटले असते.

आता कामाचं. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने वगळलाय, तरी अक्कांची मुदत २०२४ ला संपली असंच समोरचा म्हणणार. आपण म्हणणार की कागद परवा कळला, कारण तो कुणी समजावलाच नव्हता. विलंब माफीचा अर्ज सोबत लावायचा, पुरेसं कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो. करेलच असं मी सांगत नाही. नुसती पत्रं पाठवत बसलं की मुदत वाढते हा गैरसमजही काढून टाका. पण ज्यांना दाव्याचा नकार तोंडीच मिळालाय, त्यांनी आधी लेखी उत्तर मागा. बीमा लोकपालाचं एक वर्ष लेखी नकारापासून मोजतात, किंवा तुमच्या लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर आलं नाही तर त्यानंतर. आपलं सोलापूर पुण्याच्या लोकपालांकडे येतं. तिथे फी नाही, वकीलही चालत नाही. जिल्हा आयोगातही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आणि "जुन्या पॉलिसीचे पैसे काढून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन आला तर शिवी न देता ठेवून द्या, किंवा देऊन ठेवा.

पोस्ट टाकली की खाली कुणीतरी लिहिणारच, "वाचून सही करायला काय झालं होतं?" त्या शहाण्यांनी आपल्या होमलोनच्या फाईलचं सतरावं पान मला तोंडपाठ म्हणून दाखवावं.

सोमवारी मी आणि अक्का पोस्टात जाणार आहोत, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र टाकायला. मसुदा मी मराठीत लिहिला. अक्का म्हणाल्या, "भाऊ, सही करायच्या आधी मला पूर्ण वाचून दाखवा." वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली.