कळफलकाची वाट

टंकलेखनाच्या वर्गात पहिल्या दिवसापासून एकच सूचना पुन्हा पुन्हा कानी पडत असे : नजर समोरच्या कागदावर ठेवा, कळांवर नको. प्रत्येक बोटाला त्याच्या कळा नेमून दिलेल्या असत आणि काही महिन्यांच्या सरावाने ती बोटे डोळ्यांच्या मदतीवाचून चालू लागत. त्या यंत्रांचा खडखडाट आता थांबला आहे. पण संगणकाने त्यांच्याकडून घेतलेला कळफलक आजही जवळजवळ त्याच मांडणीचा आहे. असे असूनही महाजालात वावरताना आपण त्याचा उपयोग केवळ अक्षरे उमटवण्यापुरताच करतो. पान सरकवणे, दुवा उघडणे, अर्जातील चौकट निवडणे ही सारी कामे आपण माऊसवर सोपवून मोकळे होतो. ही सवय पुरेशी नाही. केवळ कळफलकाच्या आधारे महाजालात फिरणे प्रत्येक विद्यार्थ्याने शिकून घ्यावे, असे माझे मत आहे.

माऊसला मी कमी लेखत नाही. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले आणि संगणक हाताळण्याची रीतच पुढे पालटली. मात्र त्या प्रात्यक्षिकात एंगलबार्ट यांच्या एका हाती माऊस होता, तर दुसऱ्या हाताखाली पाच कळांचे एक छोटे उपकरण होते. मध्ये नेहमीचा कळफलक होताच. घरोघरी पोहोचला तो माऊस. कळांनी आज्ञा देण्याची कला मात्र मागे पडली.

मी स्वतः ही कला शिकलो ती नाइलाजाने. एका रविवारी घरचा माऊस बंद पडला. दुकाने बंद होती आणि एका अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शेजारच्या एका मुलाने मला चार कळा दाखवल्या. टॅब दाबली की आपण एका दुव्यावरून किंवा चौकटीवरून पुढच्यावर जातो. शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येतो. एंटरने दुवा उघडतो. स्पेस दाबली की पान पडदाभर खाली सरकते. पुढे आणखी काही सापडत गेले. कंट्रोल आणि एल एकत्र दाबले की थेट पत्त्याच्या पट्टीत जाता येते. ऑल्ट आणि डावा बाण दाबला की आधीचे पान परत येते. कंट्रोल आणि एफ दाबून पानावरील हवा तो शब्द शोधता येतो, आणि तो शब्द एखाद्या दुव्यात असेल तर एस्केप व मग एंटर दाबून तो दुवा तेथल्या तेथे उघडता येतो. या शेवटच्या युक्तीने मला विशेष आनंद दिला, हे कबूल करतो. तासाभरात मी बऱ्यापैकी सरावलो.

मग अर्जात जन्मतारखेची चौकट आली. तिच्यात अंक लिहिता येत नव्हते. दिनदर्शिका उघडून तारीख निवडायची होती. टॅब त्या दिनदर्शिकेला ओलांडून थेट पुढच्या चौकटीवर जात होती. मी कितीदा तरी प्रयत्न केला. शेवटी उठलो.

असे का होते? संगणकाच्या दृष्टीने पानावर दोन प्रकारची बटणे असू शकतात. एक, जे पानाच्या रचनेत खरोखर बटण म्हणून नोंदवलेले असते. तेथे टॅब थांबते. दुसरे, जे केवळ बटणासारखे रंगवलेले असते आणि माऊसच्या टिचकीलाच दाद देते. त्याची टॅबला दखलही नसते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. काही संकेतस्थळांवर तर आपण कोठे आहोत हे दाखवणारी चौकटीभोवतीची रेघ सौंदर्याच्या नावाखाली पुसून टाकलेली असते. कळफलकाने चालणाऱ्याला हे अंधारात जिना उतरण्यासारखे वाटते.

माझा तो एक रविवार होता. ज्यांना दिसत नाही, त्यांना पडद्यावरचा बाण कोठे आहे हे कळत नसल्याने माऊसचा उपयोग नसतो. त्यांचा प्रत्येक दिवस कळफलकाचाच असतो. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या 50 लाखांहून अधिक आहे. कंपवाताने ज्यांचा हात स्थिर राहत नाही, त्यांनाही इवल्याशा खुणेवर बाण नेऊन ठेवणे जमत नाही. अंध व्यक्तींसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणाली आहेत. ऑस्ट्रेलियातील मायकल करन आणि जेम्स तेह या दोघा अंध तरुणांनी 2006 पासून उभी केलेली एनव्हीडीए ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा ऐकू येतो. वर्तमानपत्राचे पान आपण जसे मथळ्यांवरून चाळतो, तसेच हे चाळणे; फक्त कानांनी. पण पानात शीर्षके शीर्षके म्हणून नोंदवलेलीच नसतील, तर बिचारी एच कळ काय करणार? श्रोत्याला आरंभापासून ओळ न् ओळ ऐकत बसावे लागते.

आणि एखादी चौकट भरताच येत नसेल, तर कोणाला तरी बोलवावे लागते. प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. बँकेचा परवलीचा शब्द, आजाराची माहिती, परीक्षेचे गुण हे सारे त्या दुसऱ्या माणसापुढे उघड करावे लागते. साक्षर, सुशिक्षित व्यक्तीवर अशी पाळी यावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे; आणि ती लाज त्या व्यक्तीची नव्हे, पान बनवणाऱ्याची आहे.

याचे नियम नाहीत असे नाही. पानावरील प्रत्येक काम कळफलकाने करता यावे, ज्या चौकटीत शिरता येते तिच्यातून कळफलकानेच बाहेर पडता यावे, आणि आपण कोठे आहोत ते दिसावे, हे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या संस्थेच्या डिसेंबर 2008 मधील निकषांत स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली संमत झाला. बँकेत ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ज्यांना पाळता येत नाही, त्यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. कायदा आहे, निकष आहेत. पान बनवणाऱ्याच्या हाती मात्र माऊस आहे, आणि त्यामुळे कळफलकाची वाट कोठे खचली आहे ते त्याला दिसतच नाही.

म्हणूनच ही वाट डोळसांनीही शिकावी, असे मी म्हणतो. कोणी विचारील, मोबाइलच्या आणि बोलून आज्ञा देण्याच्या या काळात कळफलकाचे एवढे स्तोम कशाला? भरल्या रेल्वेगाडीत परवलीचा शब्द मोठ्याने उच्चारून पाहावा, म्हणजे उत्तर मिळेल. नकाशा न्याहाळताना किंवा चित्र काढताना माऊस सरस ठरतो, हे खरे. पण अर्ज, बातम्या, पुस्तके, निकाल यांसाठी त्याच्यावाचून अडण्याचे कारण नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच मी नवा माऊस आणला आणि ती जन्मतारीख अर्ध्या मिनिटात भरली. त्यानंतर त्या संस्थेला पत्र लिहिले. तक्रारीचा सूर न लावता एवढेच कळवले, की कोणत्या पानावर, कितव्या चौकटीपाशी टॅब कळ दिनदर्शिकेला ओलांडून गेली, आणि तेथे तारीख अंकांत लिहिण्याची सोय केली तर काम होईल.