नावातच ऊन!



आई म्हणते, "ऊन ऊन भात खाऊन घे." हा भात उन्हात ठेवलेला असतो का? छे! ऊन म्हणजे इथं गरमागरम. हा अर्थ ध्यानात ठेवा आणि महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात घ्या. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव, नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. या सगळ्या ठिकाणी जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. नावातच ऊन आहे, बघा!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीत रांजणखळगे आहेत. पुरातले गोटे गरगरा फिरून खडकात ते कोरले गेले. पण त्यातलं पाणी थंड. गरम कुंडं पाहायची तर माळशेज घाट उतरून कल्याण, भिवंडी, अंबाडी या रस्त्यानं वज्रेश्वरीला जायचं. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची आठवण या देवीच्या देवळाशी जोडलेली आहे. तिथून जवळच अकलोलीला तानसा नदीच्या काठावर दगडी बांधणीची कुंडं आहेत. नदीचं पाणी गार आणि चार पावलांवरच्या कुंडातून वाफा!

मग हे पाणी तापवतं कोण? वर्गात विचारलं की हमखास एक हात वर होतो, "बाई, खाली ज्वालामुखी असणार!" नाही हं. आपला काळा दगड लाव्हाचाच आहे, हे खरं. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. केव्हाच थंड झाला. खरी गंमत वेगळी आहे. पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल मुरतं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात अशा खोल भेगा बऱ्याच आहेत, म्हणून तिकडे झरेही पुष्कळ. म्हणजे कुंडातलं पाणी हा फार पूर्वी पडलेला पाऊसच की!

वर येताना त्यात जेवढं थंड पाणी मिसळेल, तेवढं ते निवतं. म्हणून एका कुंडात मजेत बसता येतं, तर शेजारच्याच कुंडात पाय ठेववत नाही. आणि खरी काळजी इथंच घ्यायची. पाणी दिसायला सगळीकडे सारखंच! आपलं अंग असतं ३७ अंशांचं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलांची कातडी तर नाजूक. म्हणून उडी कधीच मारायची नाही. आधी तिथल्या माणसांना विचारायचं, मग मोठ्यांनी हात लावून पाहायचं, मग आपण पाय. दहा मिनिटांत बाहेर यायचं. गरगरायला लागलं तर लगेच बाहेर येऊन सावलीत बसायचं आणि साधं पाणी प्यायचं.

पालकांनाही दोन शब्द. गरम पाण्यानं आखडलेलं अंग मोकळं होतं, पण खरूज-नायटा, जखम असेल तर मुलाला सार्वजनिक कुंडात न उतरवता डॉक्टरांकडे न्यावं. कुंडात साबण नको. पावसाळ्यात तर नदीत मुळीच उतरू नये. वरच्या अंगाला तानसा धरण आहे. ते भरून वाहू लागलं की नदीचं पाणी एकाएकी चढतं.

आता एक प्रयोग. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ना? मग आपल्या विहिरीतही गरम झरा आहे का? शाळेतला तापमापक मागून घ्या (ताप मोजायचा नको, त्यावर एवढं कमी तापमान दिसत नाही). पहाटे आणि भर दुपारी विहिरीतून नुकत्याच शेंदलेल्या पाण्याचं आणि हवेचंही तापमान मोजा. विहिरीवर मोठं माणूस बरोबर हवंच. दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पाणी बदललं की हवा? उत्तर पत्रानं कळवा!

तुमच्या बाई