बाळाचे वजन घ्या, आईकडेही पाहा

गाय व्याली की ती वासराला चाटते का, अंगाला लावून घेते का, हे शेतकरी लक्ष देऊन पाहतो. घेत नसेल तर कासेला सूज आहे का, तिला काही दुखते का, हे शोधतो. बाळंतिणीच्या बाबतीत मात्र "हिला मुलाची मायाच नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो.

2011 पासूनच्या सरकारी योजनेप्रमाणे, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी येतात. बाळाचे वजन, ताप व अंगावर पिणे पाहतात. हे काम मोलाचेच आहे. परंतु माय-लेकरांचे एकमेकांशी कसे जुळले आहे, हे ओळखण्याचे शिक्षणही आशाताईंना व गावच्या नर्सबाईंना मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे शिकविता येते. अमेरिकेतील सिएटल येथील परिचारिका व प्राध्यापिका कॅथरिन बार्नार्ड यांनी 1970 नंतरच्या दशकात त्याची पद्धत बसविली. बाळ दूध पिताना नर्सने शांतपणे पाहायचे. बाळाची भूक आईला कळते का? ते रडले तर ती काय करते? त्याच्याशी बोलते का? मग बाळाकडेही पाहायचे: ते आईला प्रतिसाद देते का? बाळ अशक्त वा फार झोपाळू असेल तर आई गोंधळते. तो तिचा दोष नव्हे.

कधी आईचेच मन खचलेले असते. गोव्यात म्हापसा येथे विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा 23 मातांना नैराश्य असल्याचे त्यात आढळले. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मुलाची आशा असता मुलगी होणे, यांचा त्याच्याशी संबंध दिसला. अशा आईला उपदेश नको, उपचार व आधार हवा.

मात्र एक धोका आहे. अर्धवट शिकलेली नर्स एका भेटीत "वाईट आई" असा शिक्का मारील. लावणीच्या दिवसांत बाळाला आजीजवळ ठेवून चिखलात उतरणारी आई निर्दय नसते. म्हणून पुन्हा पुन्हा भेट द्यावी, सासूसमोर काही बोलू नये, आणि पुढे कोणत्या डॉक्टरांकडे पाठवायचे हे आधी ठाऊक असावे. एवढे शिकविल्याशिवाय हातात तपासणीचा कागद देऊ नये.

आपणही एवढे करावे: नर्सबाई घरी आल्या की त्यांना बाळंतिणीशी थोडा वेळ एकटे बोलू द्यावे.