जीर्णोद्धार कीं परकायाप्रवेश ?

जुन्या मोटारींविषयीं आस्था बाळगणाऱ्या मंडळींत अलीकडे एक मत फार वेगानें पसरत चाललें आहे, आणि तें ज्या आत्मविश्वासानें मांडलें जातें त्या मानानें त्याची चिकित्सा मात्र कोणीं केलेली दिसत नाहीं. तें मत असें कीं, जुन्या गाडीचें इंजिन थकलें म्हणजे तें उलगडून, मोजून, घासून पुन्हां उभें करण्याच्या खटाटोपांत शहाण्यानें पडूं नये; एखाद्या मोडीत निघालेल्या अलीकडच्या गाडीचें इंजिन आणून त्या जागीं बसवावें आणि वरचें रूप तेवढें जुनें राखावें. आजोबांचें रूप आणि नातवाचें बळ असा दुहेरी लाभ यांत आहे, असें या पक्षाचें म्हणणें. आमच्या मतें हा लाभ नसून सभ्य वेषांतील एक फसवणूक आहे, आणि तिला सुधारणेचें नांव मिळावें हें आम्हांस उगीच बसून पाहवत नाहीं.

वाद हवेंत राहूं नये म्हणून सर्वांच्या ओळखीचें एक उदाहरण घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ पासून इटलीच्या फियाट ११०० चा एक अवतार तयार होऊं लागला आणि १९७४ पासून तो 'पद्मिनी' या नांवानें विकला गेला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. म्हणजे एकूण क्षमता १,०८९ घन सेंटिमीटर आणि बळ सुमारें ४० अश्वशक्तींचें. आजच्या कसोटीनें हें बळ केविलवाणें खरें; परंतु एवढ्याच बळावर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें कित्येक दशकें माणसें, ट्रंका आणि लग्नाचीं वऱ्हाडें वाहिलीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेंतून निघाली, तेव्हां जन्मभर तिच्या गिअरच्या दांड्यास शिव्या घालणारेहि हळहळले. रस्त्यावरून ती गेली आणि हौशी मालकांच्या अंगणांत आली. तेथें आतां तिची छाती उघडून आंत दुसरें काळीज घालण्याचा उद्योग जोरांत आहे.

हा उद्योग करणारांचा पहिला मुद्दा अडचणीचा. सुटे भाग मिळत नाहींत, पेट्रोल पूर्वीचें राहिलें नाहीं, जाणते कारागीर उरले नाहींत. यांतील पेट्रोलाची तक्रार अगदींच खोटी नाहीं. पूर्वीच्या पेट्रोलांतील शिशाचा अंश व्हॉल्व्हच्या बैठकींवर पातळ लेप धरून त्यांची झीज थोपवी. २००० सालापासून शिसें देशभर बंद झालें (योग्यच झालें, त्या विषाविषयीं आम्हांस यत्किंचितहि ममता नाहीं), आणि आतां पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल असतें, तें जुन्या रबरी नळ्या कुरतडतें. पण या दोन रोगांवर औषध काय? ज्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकी मऊ बिडाच्या आहेत तेथें कठीण धातूच्या बसविणें, आणि नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालणें. दाढ दुखते म्हणून डोकेंच बदला, असें सांगणारा वैद्य आम्हीं तरी अद्याप पाहिला नाहीं.

राहिलें खुद्द इंजिन. इंजिन थकतें म्हणजे काय होतें? सिलिंडर किंचित् लंबगोल झिजतो आणि वरच्या टोकाशीं, जेथवर पिस्टनची रिंग पोहोंचत नाहीं तेथें, बोटाच्या नखाला लागेल असा एक कंगोरा उरतो. क्रँकशाफ्ट झिजून तेलाचा दाब उतरतो. मागून निळा धूर येऊं लागतो. यांपैकीं असाध्य असें कांहींच नाहीं. सिलिंडर अंमळ मोठा 'बोअर' करून त्या मापाचे पिस्टन घालतां येतात. तो मर्यादेपलीकडे मोठा झाला असल्यास आंत स्लीव्ह ठोकून मूळ माप परत आणतां येतें. क्रँक ग्राइंड करून तितक्याच जाड बेअरिंगा बसवितां येतात. फार काय, तडकलेला बिडाचा ब्लॉकहि धातूच्या टांक्यांनीं शिवतां येतो. हें कांहीं पुष्पक विमान घडविणें नव्हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणीं असलीं कामें करणारे हात आजहि आहेत. कारागीर उरले नाहींत ही हाकाटी करणाऱ्यानें गेल्या दहा वर्षांत अशा एका तरी हातास काम दिलें काय, हें आधीं सांगावें. आपणच भात घालावयाचा नाहीं आणि बैल रोडावला म्हणून बाजारांत न्यावयाचा, यांतला हा प्रकार आहे. पुनर्बांधणीस वेळ अधिक लागतो, पुष्कळदां पैसाहि अधिक लागतो, हें आम्हांस मान्य आहे. मेकॅनिक 'पुढच्या आठवड्यांत या' म्हणतो तेव्हां तो आठवडा कोणत्या वर्षांतील, हें विचारून घेणें बरें. परंतु घाई ही ज्याची गरज आहे त्यानें पन्नास वर्षांची गाडी पाळावी कशाला?

उलट इंजिन बदलणें सोपें, हाहि एक भ्रमच. अलीकडच्या लहान गाड्यांचीं इंजिनें बहुधा आडवीं बसविण्यासाठीं आणि पुढचीं चाकें फिरविण्यासाठीं रचलेलीं असतात. पद्मिनीचें इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसतें आणि मागचीं चाकें फिरवितें. म्हणून इंजिनामागोमाग गिअरबॉक्स बदलावा लागतो. गिअरबॉक्स बदलला कीं स्टिअरिंगजवळचा दांडा निरुपयोगी होतो आणि नव्या दांड्यासाठीं गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागतो. मग इंजिनाचे आधार कापून नवे जोडावे लागतात, रेडिएटर पुरत नाहीं, मागच्या आंसावर नको तेवढा ताण येतो. आणि ४० अश्वशक्तींच्या हिशेबानें दिलेले ड्रमब्रेक दुप्पट बळाच्या गाडीस घाटांत आवरतील काय, या विचारानें मालकाची झोंप उडून ब्रेकहि बदलले जातात. भटास दिली ओसरी, भट हातपाय पसरी! शेवटीं जुनें असें उरतें तें बॉनेट, दिवे आणि मालकाचें भाषण.

परंतु आमचा मुख्य आक्षेप गैरसोयीचा नाहीं. इंजिन हा जुन्या गाडीचा केवळ एक भाग नव्हे, तो तिचा दस्तऐवज आहे. जुनें इंजिन उघडून पाहावें. पिस्टनच्या माथ्यावर वाढीव मापाचा आंकडा ठोकलेला असतो, त्यावरून तें पूर्वीं किती वेळां बोअर झालें याचा अदमास लागतो. बेअरिंगच्या पाठीवर क्रँक किती घासला याचा आंकडा असतो. कोठें एखाद्या अनामिक कारागिरानें जुळणीसाठीं केलेल्या छिन्नीच्या खुणा सांपडतात. हस्तलिखिताच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव, शक लिहून ठेवतो, तशी ही लोखंडांतील पुष्पिका होय. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. त्या सत्तेचाळीस वर्षांत संपादकांनीं पोथ्या ताडून पाहिल्या, गळलेलें नोंदविलें, संशयित पाठ खालीं टीपेंत उतरविले. भाषा जुनी झाली म्हणून सुबोध नवे श्लोक रचून घालावे, हें त्यांच्यापैकीं कोणास सुचलें नाहीं. पुनर्बांधणी म्हणजे पाठशुद्धि. इंजिनबदल म्हणजे सरसकट प्रक्षेप. आणि काढलेलें मूळ इंजिन जातें कोठें? भंगारवाल्याकडे, किलोच्या भावानें. परकायाप्रवेशाच्या कथेंत निदान आचार्यांनीं आपला मूळ देह शिष्यांच्या स्वाधीन करून परतीची वाट तरी राखली होती.

येथें प्रतिपक्ष आपलें ब्रह्मास्त्र काढतो. तो म्हणतो, गाडी म्हणजे तरी काय? नागसेनानें राजा मिलिंदास विचारलें होतें कीं, महाराज, आंस हा रथ काय, चाकें हा रथ काय? एकहि अवयव रथ नव्हे, मग एक अवयव बदलल्यानें रथ कसा बदलला? इंग्लंडांत तर फेरबांधणी केलेल्या गाडीची ओळख ठरवितांना नोंदणी-खात्यानें गुणांची जी पद्धत अनेक वर्षें चालविली, तींत चेसिसला ५ गुण, सस्पेन्शन, आंस, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकीं २, आणि इंजिनास अवघा १. चौदांपैकीं आठ मिळाले कीं जुना क्रमांक कायम. याचें उत्तर सोपें आहे. नोंदणी-खात्यास क्रमांक कोणास द्यावा एवढेंच ठरवावयाचें असतें. हजेरीपटावरून विद्यार्थ्याची विद्वत्ता ठरविण्याची चाल आमच्या महाविद्यालयांतहि अजून पडलेली नाहीं. आणि नागसेनाचा दाखला देणारे हें विसरतात कीं, रथ नाहींच असें त्याला म्हणावयाचें नव्हतें. अवयवांच्या विशिष्ट संयोगास 'रथ' हें व्यवहाराचें नांव मिळतें, असें तो म्हणतो. तो संयोगच तुम्ही मोडलात, मग नांवावर हक्क कोणत्या तोंडानें सांगतां?

याहून अवघड उदाहरण दुसरें आहे, आणि तें टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. 'ओल्ड नंबर वन' नांवाची बेंटले गाडी १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतींत पहिली आली. पुढें शर्यतींच्या गरजेप्रमाणें तिचा सांगाडा बदलला, साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागीं आठ लिटरचें आलें. १९३२ सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतींत ती चालवितांना क्लाइव्ह डन्फी हा मरण पावला, आणि तिची बांधणी पुन्हां बदलली. १९९० सालीं ती १ कोटि पौंडांस विकण्याचा करार झाला. मग, ही ती गाडीच नव्हे, म्हणून खरेदीदारानें अंग काढून घेतलें. न्यायमूर्ति ऑटन यांनीं निर्णय दिला तो असा कीं, १९२९ च्या गाडीचें फारसें कांहीं तींत उरलें नसलें तरी ही अस्सल 'ओल्ड नंबर वन'च होय, कारण तिची परंपरा कोठें खंडित झालेली नाहीं.

इंजिन बदलणारांस हा निकाल आपला वाटतो. आम्ही तो आपलाच समजतों. बेंटलेचें इंजिन बदललें तें ती गाडी जिवंत असतांना, तिच्याच कामासाठीं. हिंदुस्थान मोटर्सनें १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अँबॅसडरला जपानी इसुझूचें १.८ लिटरचें इंजिन दिलें, तेंहि असेंच. तशा अँबॅसडरमधून इसुझू काढून जुनें ब्रिटिश बनावटीचें इंजिन घालूं म्हणणारा शुद्धिवाला आमच्या लेखीं तितकाच अपराधी आहे. मुंबईच्या ज्या टॅक्सीवाल्यानें पेट्रोल परवडेना म्हणून पद्मिनींत डिझेल इंजिन घातलें, किंवा या शतकाच्या आरंभीं न्यायालयाच्या आदेशांनंतर डिकींत सीएनजीची टाकी बसविली, त्यानें पोटासाठीं केलें. ती टाकी हाहि त्या गाडीचा इतिहासच, आणि तशी टॅक्सी कोणास जतन करावयाची असेल तर टाकीसकट करावी. परंतु ज्याच्या दारांत प्रवासासाठीं दुसरी नवी गाडी उभी आहे, ज्याची पद्मिनी रविवारीं सकाळीं न्याहारीपुरती बाहेर पडते, त्यानें द्रुतगति मार्गावर शंभराचा वेग हवा म्हणून तिचें इंजिन काढावें, यांत गरज कोणती? आमचाहि बदल उद्यां इतिहासच होईल, असें तो म्हणतो. होईल, ताम्रपट वितळवून केलेल्या तांब्यालाहि इतिहास असतोच.

मग त्यानें कांहींच करूं नये काय? करावें, पण पत्रा न कापतां करावें, मूळ इंजिन तेल लावून जपून ठेवावें, आणि विकतांना खरेदीदारास सर्व सांगावें. एवढें पाळलें तर आमचें भांडण निम्में मिटलें. ब्लॉक खरोखरच वांचण्याजोगा नसेल तर दुसऱ्या मेलेल्या पद्मिनीचा ब्लॉक शोधून घालण्यासहि आमची हरकत नाहीं. मात्र त्यावर आपल्या गाडीचा आंकडा ठोकूं नये. कारण या क्षेत्रांत दुसऱ्या टोकाचाहि एक पंथ आहे, अंकपूजकांचा. इंजिनावरचा आंकडा नोंदणी-पुस्तकाशीं जुळला कीं यांची किंमत दुप्पट आणि भक्ति चौपट. मग कानस व ठसे घेऊन परक्या लोखंडावर आपला आंकडा उठविणारे हिकमती लोक त्यांच्या सेवेस हजर होतात. परकें इंजिन उघडपणें घालणारा निदान खोटी सही तरी करीत नाहीं.

आतां कायद्याविषयीं, कारण खरा धोका तेथें आहे. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांत मनमानी फरक करूं देत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं त्याचा अर्थ कडक लावला. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले: 'व्हीए' या अक्षरांचा वेगळा क्रमांक, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, आणि रोजच्या वापरास मनाई. हेतु स्तुत्य आहे. परंतु व्याख्येंत अट अशी घातली कीं, गाडी मूळ स्वरूपांत असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांतील बदलांसह तिचें कोणतेंहि मोठें 'ओव्हरहॉल' झालेलें नसावें. तीस वर्षें इंग्रजी शिकविणाऱ्या माणसास हें वाचून आपल्या पेशाची लाज वाटली. ओव्हरहॉल म्हणजे उलगडून तपासणें व दुरुस्त करणें. गल्लींतला प्रत्येक मेकॅनिक हा शब्द नेमका याच अर्थानें वापरतो. मूळ इंजिन दोन वर्षें खपून जिवंत करणारा आणि तें भंगारांत घालून परकें बसविणारा, या दोघांस नियमाच्या भाषेनें एकाच पिंजऱ्यांत उभें केलें आहे. एखाद्या शब्दनिष्ठ अधिकाऱ्यानें बोअर केलेल्या सिलिंडरवर बोट ठेवून अर्ज फेटाळला, तर त्याला चूक म्हणण्यास त्या वाक्यांत आधार शोधावा लागेल.

व्याख्येंतून 'ओव्हरहॉल' हा शब्द काढून 'मूळ बनावटीहून भिन्न इंजिन बसविणें' असे शब्द तेथें घालावे. गाडी नित्य वापरांत असतांना झालेला आणि त्याच वेळीं नोंदलेला बदल त्यांतून वगळावा. आणि मूळ इंजिनाची पुनर्बांधणी झाली असल्यास सिलिंडरचें व क्रँकचें नवें माप, काम करणाऱ्या कारखान्याचें नांव व तारीख नोंदणी-पुस्तकास जोडण्याची सोय करावी. पद्मिनी या नांवानें विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्या २०२४ सालींच पन्नाशींत पोहोंचल्या. त्यांचे मालक सध्यां गॅरेजांत उभे राहून, इंजिनाचें काम करावें कीं इंजिनच बदलावें, याचा हिशेब करीत आहेत. परिवहन खात्यानें ही दुरुस्ती करावयाची तर त्यांचा हिशेब पुरा होण्याआधीं करावी.