सप्तपदी नको, पण खरेदीखत?

लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या स्त्रीपुरुषांचे नाव काढले, की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे हमखास खवळतात. एकांना संस्कृती बुडाल्याचा साक्षात्कार होतो. दुसऱ्यांना स्वातंत्र्याचा झेंडा फडकवल्यावाचून चैन पडत नाही. दोन्ही पक्षांना मी हात जोडून विचारतो, की बाबांनो, त्या दोघांनी जे घर घेतले ते कोणाचे? यावर दोघेही गप्प! सज्ञान स्त्रीपुरुषांचे असे राहणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगून टाकले. तो वाद संपला. भिंतींचा वाद मात्र शिल्लक आहे.

हिशेबच पाहा ना. समजा, पुण्यात दोघांनी मिळून ब्लॉक घेतला. त्याच्या खात्यातून कर्जाचा हप्ता जातो. तिच्या पगारातून किराणा, वीज, दूध आणि त्याच्या आईचे औषधपाणी. दहा वर्षे संसार (हो, मी संसारच म्हणणार) सुरळीत चालतो आणि मग बिनसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४५ सांगते, की निराळा करार नसेल तर ज्याने जेवढा पैसा घातला तेवढा त्याचा हिस्सा. पुरावाच नसेल तर समसमान. त्याच्यापाशी बँकेचे उतारे आहेत. तिच्यापाशी काय? वाण्याच्या चिठ्ठ्या दहा वर्षे कोणी जपून ठेवते काय? पैसा एकाचा आणि घर दुसऱ्याच्याच नावावर, असा भोळा व्यवहार असेल तर बोलायलाच नको. बेनामी व्यवहारांच्या कायद्याने नवराबायकोला व मुलांना सूट दिली, भावाबहिणींनाही अटीवर दिली. या सोबत्याचे नाव त्या यादीत नाही.

लग्नाची बायको तरी फार सुखात आहे असे समजू नका. लग्नानंतरची मिळकत दोघांची निम्मी-निम्मी धरण्याची रीत गोव्यात आहे. इकडे घाटावर नाही. पण निदान ती वारस तरी असते!

‘आमचा एकमेकांवर विश्वास आहे हो!’ असेल, जरूर असेल. पण माणूस मरतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात सोबत्याला वारस म्हणून जागाच नाही. उतारवयात सोबत शोधणाऱ्या विधवेची गत तर विलक्षण आहे. मूलबाळ नसताना ती मृत्युपत्रावाचून गेली, तर तिच्या स्वकष्टाचा हिस्सा तिच्या आईबापांच्याही आधी कैलासवासी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. सासरच्यांनी हाकलून दिलेल्या एका विधवेची स्वकमाई २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या नवऱ्याच्या भाच्यांना दिली. मग ज्याच्यासोबत म्हातारपणी चहा घेतला, त्याने कोणाकडे दाद मागायची? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने अशा स्त्रीला डोक्यावर छप्पर मागता येते खरे. पण छप्पर म्हणजे मालकी नव्हे, आणि पुरुषाला तेही नाही. सोसायटीच्या दप्तरात नामनिर्देशन केले म्हणून निश्चिंत राहणारेही पुष्कळ भेटतात. नामनिर्देशित हा बहुधा वारसांचा राखणदार असतो, मालक नव्हे.

‘मग लग्न करा की!’ हे सनातन्यांचे ठेवणीतले उत्तर. दोन मित्रांनी भागीदारीत दुकान काढले तर त्यांना कोणी बोहल्यावर चढवते काय? आणि नव्या मताची मंडळी तरी काय करतात? गल्ल्यावर बसताना आणा-पैचा करार करणारी माणसे घर घेताना मात्र हिस्सा लिहायला लाजतात. म्हणे प्रेमाला बट्टा लागतो! माझे म्हणणे सरळ आहे. दोन नावांच्या प्रत्येक खरेदीखतात कोणाचा किती हिस्सा, हे लिहिणे सरकारने सक्तीचे करावे. मग ती नावे नवराबायकोची असोत, बहिणींची असोत, की मित्रांची. सरकार ते करील तेव्हा करील, तोवर ज्याने त्याने आपले लिहावे. आणि ते पहिल्याच दिवशी. कारण महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहते घर बक्षीस दिले तर मुद्रांकशुल्क २०० रुपये. वीस वर्षांच्या सोबत्याला तोच हिस्सा मागाहून द्यायचा, तर परक्याला द्यावा तसा पुरा दर. मृत्युपत्राला मात्र मुद्रांक लागत नाही. साधा कागद, स्वतःची सही आणि दोन साक्षीदार.