पहिल्यानंतर कोण?

देशातील पहिली मोटार कोणाची, पहिला संगणक कोणाचा आणि आज बाजारात अव्वल कोण, हे वाद चहाच्या टपरीपासून वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत ज्या हिरिरीने लढविले जातात, ती पाहता पहिलेपणाची सनद एकदा पदरात पडली की पुढील सारे कर्तव्य संपते, असाच कोणाचाही समज व्हावा. माझे मत याच्या उलट आहे. पहिल्याचा मोठेपणा त्याच्या जन्मतिथीवर ठरत नसून, त्याच्या मागोमाग दुसरा येतो की नाही आणि तो पहिल्याहून सरस निघतो की नाही, यावर ठरतो.

जन्मतिथीचा निवाडा तरी कुठे सोपा आहे? ‘एनिॲक’ या अमेरिकन यंत्राच्या नावावर असलेले संगणकाचे पेटंट तेथील न्यायालयाने 1973 साली रद्द ठरविले आणि जॉन अटानासॉफ यांच्या आधीच्या कार्याला श्रेय दिले. कॉनराड झुझे यांनी बर्लिनमध्ये 1941 सालीच चालते केलेले यंत्र तर त्या दाव्यात पक्षकारही नव्हते. आपल्याकडेही, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत 1955 साली विलायतेहून आलेला संगणक पहिला मानावा, की मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः घडवून 1960 साली कार्यान्वित केलेला ‘टिफ्रॅक’, यावर वाद घालणाऱ्याला दोन्ही बाजूंनी पुरावा सापडतो. सापडत नाही तो टिफ्रॅकचा बाजारातील वारस. हजारो निर्वात नलिकांचे ते यंत्र उभे राहीतो जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते, आणि 1964 साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी 3600 हा संगणक आला. ज्या बुद्धिमत्तेने पहिला संगणक घडविला, तिच्या पाठीशी दुसरा घडविणारा कारखाना मात्र उभा राहिला नाही.

मोटारींचा इतिहास याहून बोलका आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार 1949 च्या सुमारास बनविली आणि पुढे दोन दशके तिच्यात सुधारणा करीत नवनवे नमुने सिद्ध केले. परंतु तिचे घाऊक उत्पादन कधी सुरू झालेच नाही. त्याच काळात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 साली स्थापन झालेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन आणि मग फियाटच्या गाड्या निघत होत्या. पुढे ‘पद्मिनी’ हे नाव धारण केलेली ती फियाट मुंबईच्या टॅक्सीचे प्रतीकच बनली. पण तिचे अग्रस्थान हे परवान्यांच्या कुंपणाआडचे अग्रस्थान होते. गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि कारखानदाराने त्याच साच्यातून तीच गाडी काढीत राहावी, अशा बाजारात पहिला क्रमांक मिळविणे म्हणजे एकट्यानेच धावून शर्यत जिंकणे होय. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि ते कुंपण कोसळू लागले. ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या कारखान्यात प्रीमिअरने प्यूजो 309 काढून पाहिली, पण संप आणि थकलेले भांडवल यांपुढे तोही डाव फार काळ टिकला नाही.

उलट उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. टाटांची इंडिका 1998 साली पुण्याहून अवतरली, तेव्हा ‘पहिली संपूर्ण भारतीय मोटार’ म्हणून तिचा केवढा गाजावाजा झाला. पण तिच्याविषयी तक्रारींचा पाऊस पडला, आणि बाजार जिंकला तो चुका दुरुस्त करून 2001 साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने. पुण्यातच 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. परंतु त्याचे खरे भूषण असे की, 1998 चा ‘परम 10000’ आणि पुण्याच्याच आयसरमध्ये 2019 साली बसविलेला ‘परम ब्रह्म’ अशी त्याची वंशावळ अखंड राहिली.

ठाणे जिल्ह्यातल्याच शहापूर-मुरबाड रस्त्यावर सापगावपाशी घटकाभर उभे राहिले, तर या प्रश्नाचा व्यवहारी निकाल डोळ्यांदेखत लागतो. भाताची पोती आणि भाजीच्या जाळ्या वाहणारा ‘छोटा हत्ती’, माणसांनी खच्चून भरलेली जीप, मागे गॅस सिलिंडर रचलेली बोलेरो पिकअप यांपैकी कोणत्याही गाडीच्या मालकाला तिच्या जातीत ती पहिली होती काय, हे ठाऊक नसते. क्लचप्लेट शहापुरात हातोहात मिळते का, नाक्यावरच्या मिस्त्रीला तिचे काम येते का आणि पाच वर्षांनी विकताना किती पैसे सुटतील, एवढे मात्र त्याला मुखोद्गत असते. सातबाराचा उतारा काढून देणाऱ्या केंद्रातल्या संगणकाचीही हीच कथा. त्या पेटीचा घाट आयबीएमने 1981 साली घालून दिला, इतरांनी त्याच्या नकला केल्या, त्या स्वस्त झाल्या आणि म्हणूनच खेड्यापर्यंत पोचल्या. आयबीएमने मात्र आपला तो व्यवसाय 2005 साली लेनोव्होला विकून टाकला. मान पहिल्याचा, पण उपकार मागून आलेल्यांचे!

आज विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि संगणकाच्या चिप यांच्या कारखान्यांना सरकार जमीन, सवलती आणि अनुदाने देत आहे, आणि प्रत्येक कोनशिलेवर ‘देशातील पहिला’ ही अक्षरे कोरण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. हा अभिमान रास्त असला, तरी करारनाम्यात आणखी तीन कलमे असावीत: दुसरा नमुना कोण आणि केव्हा काढणार, त्याचे सुटे भाग बनविणारे छोटे कारखानदार मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी तयार होणार की नाही, आणि तालुक्याच्या आयटीआयमधील मुलाला ते यंत्र उघडून दुरुस्त करायला कोण शिकविणार. या कलमांची पूर्तता होईल त्या मानाने अनुदानाचे हप्ते सोडावेत, आणि ज्यांना ही कलमे जाचक वाटतील त्यांनी सनद खुशाल मिरवावी. सरकारी खजिन्यातून तिची किंमत मात्र मागू नये.